बसून बघा, मग बोलू

माणसाला झोप कुठे लागावी याचे काही साधे संकेत आहेत. स्वतःच्या घरी, स्वतःच्या अंथरुणावर लागावी हे उत्तम. लांबलेल्या भाषणात लागली तरी चालते, तिथे निदान सोबत असते. पण ज्याच्याकडे पैसे मागायला गेलो त्याच्याच घरी, त्याच्याच समोर, तोंड उघडं टाकून डोळा लागणं हे काही चारचौघांत सांगण्यासारखं नव्हे. खुर्चीवाल्यांनी ते कधी कुणाला सांगितलंही नाही. म्हणून आपल्याला सांगावं लागतंय.

खुर्चीवाले म्हणजे खुर्च्या विकणारे नव्हेत, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण तसं कुणी म्हटलं की ते दुखावतात. ते जुन्या खुर्च्या आणि सोफे उसवतात आणि पुन्हा भरतात. निवारीची जाड पट्टी ताणायची, तिच्यावर स्प्रिंगा सुतळीने बांधायच्या, वर गोणपाट, मग काथ्या, मग कापूस आणि शेवटी कापड. स्प्रिंगांवरून नुसता तळवा फिरवून ते सांगतात, "ही कोपऱ्यातली रुसलीये." मग तिची समजूत काढतात. त्यांच्या हातची खुर्ची बसणाऱ्याला अलगद आत घेते आणि मग सोडायला काही तयार होत नाही. दुकानात दुपारी ऊन तिरकं येतं, त्यात कापसाचे कण तरंगत राहतात, मागच्या बाजूला बायकोचं शिलाई मशीन एका सुरात चालू असतं, आणि आलेलं गिऱ्हाईक आपण कशाला आलो होतो ते विसरून दारातच उभं राहतं. बसायला, बोलायला, स्वप्नं बघायला इतकी चांगली जागा त्या गल्लीत दुसरी नव्हती. फक्त पैसे तेवढे येत नव्हते.

घोडं अडलं होतं ते एका रीतीपाशी. खुर्चीवाल्यांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत अशी, की खुर्ची पोचवल्यावर पैसे मागायचे नाहीत. नमस्कार करायचा आणि म्हणायचं, "बसून बघा, मग बोलू." वडिलांचं म्हणणं, नवी भरलेली खुर्ची ही नव्या सुनेसारखी असते, तिला घरात रुळायला चार दिवस द्यावे लागतात. वडिलांच्या काळी लोक चार दिवस बसत आणि पाचव्या दिवशी येऊन बोलत. आताचे लोक जे बसले ते बसलेच. कुणी वर्ष उलटलं तरी बसून बघत होतं. कुणाकडे बसणारे आजोबा गेले आणि आता नातू बसून बघत होता. उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात. खुर्चीवाल्यांच्या पोत्याला तर तळच राहिला नव्हता.

अशात एके दिवशी दुकानाचे जागामालक आले. मालक सज्जन माणूस. समोरच्या भरलेल्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "थकलेलं भाडं पहिल्या तारखेपर्यंत मिळालं नाही, तर जागा शेजारच्या चष्मेवाल्यांना देईन म्हणतो. त्यांना दुकान वाढवायचंय." बोलता बोलता त्यांना जांभई आली, त्यामुळे धड रागावताही आलं नाही. पण बोलायचं ते बोलून गेले. ते उठतात न उठतात तोच चष्मेवाले मापाची पट्टी घेऊन हजर.

"राग मानू नका हं," भिंतीला पट्टी लावत ते म्हणाले. "घाई काही नाही. नुसतं माप घेऊन ठेवतो. इथे आरसा येईल."

जिथे आरसा येणार होता त्याच्याच वर, भिंतीतल्या हुकाला, एका खुर्चीचा नुसता लाकडी सांगाडा टांगलेला होता. ती खुर्चीवाल्यांच्या बायकोची माहेरची खुर्ची. लग्नात आली, कालांतराने बसली, आणि "उद्या घेतो गं करायला" म्हणून जी वर चढली ती तिथेच राहिली. बायको रोज त्याच सांगाड्याखाली एका लाकडी स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांचे अभ्रे शिवत असे. चष्मेवाल्यांनी तो सांगाडा बोटाने ढकलून बघितला. तो जरासा हलला आणि पुन्हा स्थिर झाला.

त्या दिवसापासून खुर्चीवाल्यांची झोप उडाली. अंथरुणावर पडलं की डोळ्यांसमोर चष्मेवाल्यांचा आरसा येई आणि त्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसे. शेवटी बायकोने मशीन थांबवलं आणि म्हणाली, "अहो, उठा आणि मागायला जा. भीड ही भिकेची बहीण. लोकांच्या घरात आपला कापूस बसलाय आणि आपण इथे देव पाण्यात घालून बसलोय."

"मागायचं कसं पण?" खुर्चीवाले म्हणाले.

या प्रश्नाचं उत्तर द्यायला गल्ली तयारच होती. मेव्हणे एका कर्ज देणाऱ्या कंपनीत कामाला होते, ते आले आणि म्हणाले, "भावजी, तुमचा कॅश फ्लो आजारी आहे. पैसा म्हणजे धंद्याचं रक्त." खुर्चीवाल्यांना रक्ताचं नाव काढलं तरी घेरी येते, हे मेव्हण्यांना माहीत नव्हतं. पाणीबिणी पाजून झाल्यावर त्यांनी चार कडक वाक्यं लिहून दिली आणि रोज सकाळी रिकाम्या सोफ्यासमोर मोठ्याने म्हणायला लावली. चष्मेवाले म्हणाले, "सगळा खेळ नजरेचा आहे," आणि त्यांनी जाड काळ्या काड्यांचा, बिननंबरचा चष्मा आणून दिला. "घालून बघा," ते म्हणाले, "मग बोलू." ज्याला आपली जागा हवी आहे तोच आपल्याला मदत करतोय, हे बघून खुर्चीवाल्यांचे डोळे भरून आले. चष्मा लावलेला होता म्हणून कुणाला दिसलं नाही.

सकाळभर दुकानात गर्जना चालू. "माझे पैसे आज, आत्ता, इथे हवेत! सबबी चालणार नाहीत!" सोफा निमूट ऐकून घेत असे. बायको मागे शिवत शिवत म्हणे, "वा. आता हेच माणसासमोर म्हणा."

पहिल्यांदा ते गाण्याच्या बाईंकडे गेले. बाईंच्या घरी पडदे अर्धे ओढलेले, आतल्या खोलीत कुणी मुलगी एकच सूर पुन्हा पुन्हा लावून बघत होती. बाई म्हणाल्या, "या, या. बसा ना. तुमचीच खुर्ची आहे." आणि खरं पाहता, पैसे दिले नव्हते म्हणजे ती त्यांचीच होती. खुर्चीवाले बसले. पहिलं वाक्य जुळवू लागले. पाठीला आपणच भरलेला कापूस लागला. उजव्या हाताखाली आपणच शिवलेली कडेची गोट लागली. ज्या कोपऱ्यातल्या स्प्रिंगेची आपण समजूत काढली होती, तीही ओळखीचं हसल्यासारखी खाली गेली. आतला सूर लांब लांब गेला, आणि किती दिवसांची राहिलेली झोप दारात ताटकळणाऱ्या पाहुण्यासारखी आत शिरली.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. अंगावर शाल होती. आतला सूर बंद होता. बाई समोर ताठ बसल्या होत्या, हातात पाण्याचा पेला, चेहरा पांढराफटक. खुर्चीवाले ताडकन उठले, "माफ करा, येतो," म्हणाले आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडले. रस्ताभर त्यांना वाटत राहिलं, आपणच कुणाचं तरी देणं बुडवून पळतोय.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दुकानात आल्या आणि सगळे पैसे मोजून ठेवले. "तुमच्या मनात इतकं होतं, तर आधी नाही का सांगायचं?" एवढंच म्हणाल्या. मग मागे बायकोपाशी गेल्या आणि दोघी बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलल्या. खुर्चीवाल्यांनी चष्मा पुसला. नजरेची ताकद आहे म्हणजे.

त्या दिवसापासून बायकोच्या वागण्यात एक प्रेमळ बदल झाला. तिने वसुलीची वेळ दुपारची ठरवून टाकली. "सकाळी माणसं हिशेबी असतात," ती म्हणे, "दुपारी मऊ असतात." आणि निघण्यापूर्वी ताट असं वाढी, की घरचं कार्यच असावं. "आणखी घ्या. उपाशी पोटी का कुणी वसुलीला जातं?" पोट जड, पापण्या जड, वर जाड काळा चष्मा, असे खुर्चीवाले हळूहळू, ढगावरून चालल्यासारखे दाताच्या डॉक्टरांकडे निघाले.

डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या त्यांनीच भरलेल्या. घाबरलेल्या माणसाला धीर यावा म्हणून मुद्दाम खोल केलेल्या. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. डोळे उघडले तेव्हा आधी गच्च भरलेल्या त्या खोलीत एकही रुग्ण नव्हता आणि डॉक्टर समोर उभे राहून घाईघाईने नोटा मोजत होते. "हे घ्या," ते म्हणाले. "पण पुन्हा असं पेशंटसमोर नको हो. एक जण तर दातात कापूस तसाच ठेवून गेला." खुर्चीवाल्यांना काही उलगडा झाला नाही. पण कलावंताच्या नुसत्या असण्यातही एक जरब असते, हे त्यांनी घरी येऊन बायकोला समजावून सांगितलं. बायकोने तोंडाला पदर लावला आणि मशीन जोरात चालवलं.

मग आलं वाचनालय. इथलं प्रकरण अवघड होतं, कारण इथे पैसे द्यायला कुणाची ना नव्हती. चिटणीस म्हणाले, "बिल मंजूर व्हायला समितीची बैठक लागते. आणि खुर्च्या बसण्यायोग्य असल्याचा दाखला समितीने प्रत्यक्ष बसून द्यावा लागतो."

"मग बैठक होत नाही का?"

"नियमित होते. तिथेच तर गोची आहे." चिटणिसांनी खिडकीबाहेर बघितलं. "तुमचं बिल आहे शेवटचा विषय. आणि तुम्ही भरून दिलेल्या खुर्च्यांत समिती बसली, की मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतानाच सगळी झोपते. मी एकटा लाकडी खुर्चीत. मी काय, दिवे मालवतो आणि घरी जातो."

म्हणजे खुर्चीवाल्यांच्या पैशांच्या आड त्यांची स्वतःचीच कारागिरी येत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी चिटणिसांच्या सल्ल्याने ते बैठकीला स्वतः हजर राहिले. भिंतीभर पुस्तकं, वर पंखा संथपणे फिरतोय, लांब टेबलाभोवती समितीची पांढरी डोकी, आणि चिटणिसांचा आवाज: "मागील सभेत असे ठरले, की त्यामागील सभेत जे ठरले ते..." आधी अध्यक्षांची मान छातीवर आली. मग कोषाध्यक्ष गेले. खुर्चीवाल्यांनी मांडीला चिमटा काढला, पण दुपारचं जेवण आतून ओढत होतं. त्यांना वाटलं, पुस्तकंच जांभया देतायत.

उठले तेव्हा अख्खी समिती उभी होती. अध्यक्षांच्या हातात सही केलेला चेक होता. "एकमताने मंजूर," ते म्हणाले. "खुर्चीवाले, माझ्या वडिलांनीही मला कधी असं उभं केलं नव्हतं."

"मी? मी तर काहीच बोललो नाही."

चिटणिसांनी घसा साफ केला आणि नुकतीच केलेली नोंद वाचून दाखवली. "खुर्चीवाल्यांनी निद्रावस्थेत केलेले निवेदन समितीने उभे राहून ऐकले. त्यातील 'ज्यांच्या बुडाखाली माझा काथ्या आहे त्यांना लाज कशी वाटत नाही' हे वाक्य इतिवृत्तात घेतले आहे. त्यापुढील मजकूर सदस्यांच्या विनंतीवरून गाळला आहे."

खुर्चीवाल्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाईंचा पांढरा चेहरा. डॉक्टरांची रिकामी खोली. जन्मभर ज्या तोंडातून कुणाला अरे निघालं नाही, ते तोंड डोळे मिटले की मेव्हण्याची चार वाक्यं आणि त्यांना स्वतःची बरीच भर घालून लोकांच्या घरात ओरडत होतं! ते घरी आले ते लाल होऊन.

"तुला माहीत होतं?"

"होतं," बायको म्हणाली. "बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं."

"आणि तरी तू रोज मला एवढं जेवायला घालत होतीस?"

"बायकोने नवऱ्याला जेवायला घातलं, यात काय चुकलं माझं?"

"अगं, पण माझी अब्रू!"

"अब्रूनं भाडं भागतं का?" ती म्हणाली. "अर्धं जमलंय. अजून अर्धं राहिलंय. आणि पहिली तारीख काही झोपलेली नाही."

पण खुर्चीवाले दुखावले ते दुखावलेच. झोपेत माणूस जो असतो तो आपण नव्हे, असं त्यांनी दुकानाच्या मध्ये उभं राहून जाहीर केलं. यापुढे जे मागायचं ते जागेपणी, शुद्धीत, सभ्य शब्दांत. आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीला शिवायचं नाही. बसायला सोबत स्वतःचं काहीतरी टणक न्यायचं. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि बायकोचं स्टूल उचललं. बायको उभीच होती. तिने कापसाचा एक गठ्ठा मशीनपुढे ओढला आणि त्याच्यावर बसून शिवू लागली. गठ्ठा इतका बुटका, की मशीनच्या मागे तिची फक्त टिकली दिसत होती.

जागेपणीची वसुली कशी झाली, ते थोडक्यात सांगतो, कारण सांगताना आपल्यालाच कसंतरी होतं. ते स्टूल घेऊन छापखानेवाल्यांकडे गेले. समोरच सोफा असताना स्वतःच्या स्टुलावर बसले. त्यांनी छापखानेवाल्यांच्या तब्येतीची चौकशी केली, हवेची केली, शाईच्या भावाची केली. मग चष्मा नीट केला आणि म्हणाले, "बाकी काय?" छापखानेवाले म्हणाले, "बाकी हीच, आणखी एक खुर्ची बसलीये बघा." खुर्चीवाले ती खुर्ची डोक्यावर घेऊन, स्टूल बगलेत मारून परत आले. निघताना दारात ते सवयीने म्हणालेच, "पाठवतो भरून. बसून बघा, मग बोलू." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आता एकच मोठं घर उरलं होतं. मोठे साहेब. कुठल्याशा खात्यातून फार वरून निवृत्त झालेले. त्यांचा अख्खा सोफासेट आणि वाचायची खुर्ची, सगळं बसून बघणं चालू होतं. तेवढे पैसे आले तर भाडं फिटत होतं. नाही आले तर उद्यापासून दुकान चष्मेवाल्यांचं. निघताना बायकोने ताट वाढलं नाही, आग्रह केला नाही. "जा," एवढंच म्हणाली. "जमेल तसं मागा." ते तिचं गप्प राहणं खुर्चीवाल्यांना जेवणापेक्षा जड गेलं.

साहेबांच्या घरी दार बाईसाहेबांनी उघडलं. "अय्या, स्टूल आणलंत? बरं झालं, केव्हाची माळ्यावरची पेटी काढायचीये," म्हणत त्यांनी ते हातातून घेतलंसुद्धा. साहेब आपल्या वाचायच्या खुर्चीत, पोटावर वर्तमानपत्र. खुर्चीवाल्यांनी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "उद्या या."

"साहेब, उद्या पहिली..."

"हं. मग उद्याच या. बसा, बसा."

उभं राहून पुढचे शब्द सापडेनात. ते शोधावेत म्हणून, नुसते शोधावेत म्हणून, खुर्चीवाले सोफ्याच्या अगदी कडेवर टेकले. त्यांना आपल्या मशीनपुढचा गठ्ठा आठवला. त्यांना रडू येईल असं वाटलं. पण आपला कापूस हा आपलाच असतो. त्याने त्यांना हळूच मागे ओढलं.

स्वप्नात गल्लीभर कापूस पडला होता, गुडघ्याइतका. पावलांचा आवाज येत नव्हता. त्यांनी भरलेल्या सगळ्या खुर्च्या रांगेने हवेतून जात होत्या, आणि प्रत्येकीत कुणी ना कुणी डोळे मिटून बसलेलं. गाण्याच्या बाई गेल्या, अध्यक्ष गेले, तोंडात कापूस धरलेला तो रुग्णही गेला. दूरवर शिलाई मशीन चालू होतं. सगळ्यांत शेवटी एक नुसता सांगाडा आला. बैठक नाही, पाठ नाही, आत कुणी नाही. तो पुढे जाईना. खुर्चीवाले उजवीकडे गेले की तोही उजवीकडे येई. "ही कुणाची?" त्यांनी ओरडून विचारलं. "कुणाची आहे ही? घेऊन का जात नाही कुणी?"

जाग आली ती बांगड्यांच्या आवाजाने. समोर साहेब गाढ झोपलेले, पोटावरचं वर्तमानपत्र खालीवर होत होतं. बाईसाहेब स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर रुमालात बांधलेल्या नोटा होत्या.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "उठतील. तुमचा डोळा लागला, पाठोपाठ यांचाही. मग तुम्ही झोपेत मागायला लागलात आणि हे झोपेत म्हणायला लागले, उद्या या. तुम्ही म्हणायचं, आज. यांनी म्हणायचं, उद्या. मी पेटी काढता काढता ऐकत बसले." त्या जरा हसल्या, आणि मग हसू थांबलं. "लग्न झाल्यापासून ऐकतेय हो मी. निवृत्त झालो की आपण दोघं फिरायला जाऊ, म्हणाले होते. कधी? तर उद्या. आज म्हणून कुणी भांडलेलं मी या घरात पहिल्यांदाच ऐकलं. कपाटाची किल्ली यांच्या खिशात असते. झोपेत काढली. मोजून घ्या."

"मोजायचं काय त्यात," खुर्चीवाले म्हणाले.

"आणि शेवटी तुम्ही काहीतरी खुर्चीबद्दल विचारत होतात. कुणाची आहे, का नेत नाही म्हणून. आमची तर नव्हे ना?"

"नाही," खुर्चीवाले म्हणाले. "तुमची नव्हे. स्वप्नातली होती."

दुसऱ्या दिवशी मालकांना भाडं पोचलं. चष्मेवाल्यांनी मापाची पट्टी गुंडाळली. माणूस दिलदार, वाईट वाटलं तरी अभिनंदन केलं. मग दारात घुटमळत म्हणाले, "तेवढे त्या चष्म्याचे..."

"घालून बघतोय अजून," खुर्चीवाले म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना स्वतःलाच कसंतरी वाटलं. असं वाक्य इतक्या सहज आपल्या तोंडात बसेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने खिशात हात घातला आणि पैसे देऊन टाकले.

दुपार झाली. ऊन तिरकं आत आलं, कापसाचे कण त्यात तरंगू लागले. मशीनचा आवाज येईना म्हणून खुर्चीवाल्यांनी मागे बघितलं. स्टूल साहेबांकडेच राहून गेलं होतं. बायको गठ्ठ्यावर बसल्या बसल्या, मशीनच्या लाकडावर गाल टेकून झोपली होती. छापखानेवाल्यांच्या खुर्चीचा अभ्रा हातात तसाच. किती दिवसांनी ती अशी दमून झोपली होती, किंवा रोजच झोपत होती आणि त्यांनी बघितलं नव्हतं, कोण जाणे. ते जवळ गेले तेव्हा तिचे ओठ हलले. ती त्यांच्यासारखी ओरडली नाही. अगदी हळू आवाजात, विचारून ठेवावं म्हणून विचारावं तसं म्हणाली:

"माझी खुर्ची घेतलीत का हो करायला?"

आणि खुर्चीवाल्यांच्या तोंडातून, ते टक्क जागे असताना, शब्द आला, "उद्या."

तो आवाज त्यांनी ओळखला. थेट मोठ्या साहेबांचा. त्यांनी वर बघितलं. हुकाला सांगाडा होता, स्वप्नात होता तसाच, बैठक नाही, पाठ नाही. सगळ्या गावाला मेल्याहून मेल्यासारखं करणारा हा वसुलीबहाद्दर स्वतः एवढा जुना थकबाकीदार होता, आणि मागणारी त्याच्याचसाठी अभ्रे शिवत खाली बसली होती. त्यांना इतकी लाज वाटली, की बिननंबरचा चष्मा काढून त्यांनी तो कातरीखाली लपवून ठेवला.

मग त्यांनी दुकानाचं दार आतून लावलं, आवाज न करता सांगाडा खाली घेतला आणि आधी त्याच्यावरची धूळ पुसली. निवार ताणली. स्प्रिंगा बांधल्या, एकेकीवरून तळवा फिरवला; रुसलेल्या बऱ्याच निघाल्या. काथ्या हाताने मोकळा केला, त्यातला खडा न खडा वेचला. दाभण बोटात गेलं तरी ओरडले नाहीत. कापड मात्र सापडेना. तिने एकदा एक निळं कापड आपल्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं, ते त्यांनीच कुणाच्या तरी सोफ्याला लावलं होतं. शेवटी दुकानातलं सगळ्यांत भारी, दाखवायला म्हणून ठेवलेलं कापड त्यांनी फाडलं. त्या आवाजाने बायको जागी झाली. नुसती बघत राहिली.

खुर्ची झाली तेव्हा ऊन उतरून गेलं होतं. खुर्चीवाल्यांनी ती मशीनपाशी नेऊन ठेवली आणि अंगावरचा कापूस झटकत बाजूला उभे राहिले. बायको उठली. खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. मग बसली, सावकाश, जपून, दुसऱ्याच्या घरी बसावं तशी. आणि मग नीट मागे टेकून बसली. तिने डोळे मिटले. दुकानात कसलाही आवाज नव्हता.

खुर्चीवाले एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. ते पुन्हा पहिल्या पायावर आले. असं ताटकळत उभं राहणं किती अवघड असतं, हे त्यांना आज कळत होतं.

"कशी झालीये?" शेवटी त्यांनी विचारलं.

बायकोने डोळे उघडले नाहीत.

"बसून बघतेय," ती म्हणाली. "मग बोलू."